ताशा वाजवणाऱ्या मुलाचा पहिला ड्रम सेट

मुलगा १४ वर्षांचा, दोन वर्षं पथकात ताशा वाजवतोय, आता ड्रम शिकायचाय. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खर्चाची तयारी ४०,००० पर्यंत. अकूस्टिक (खऱ्या ड्रमचा) घेऊ की इलेक्ट्रॉनिक (पॅडवर वाजवायचा, आवाज मशिनमधून येणारा), असं तुम्ही विचारलंय.

फ्लॅटमध्ये इलेक्ट्रॉनिकच घ्या. अकूस्टिकचा आवाज दारं-खिडक्या लावूनही आवरत नाही आणि मग रोजचा रियाज शेजाऱ्यांच्या मर्जीवर चालतो. शिकणाऱ्याला रोज वाजवायला मिळणं सगळ्यात महत्त्वाचं.

आता तुमच्या मुलाबद्दल. ताशामुळे त्याची मनगटं तयार आहेत, दोन्ही हात सारखे पडत असणार, लय अंगात मुरलेली असणार. पाय मात्र अगदी कोरे आहेत. ड्रम सेटवर उजवा पाय किकच्या (खालच्या मोठ्या ड्रमच्या) पेडलवर आणि डावा हाय-हॅटच्या (एकावर एक बसवलेल्या दोन झांजांच्या) पेडलवर असतो. हातांचं चालू असताना पायांना वेगळं काम लावणं, याच्यातच त्याची सुरुवातीची सगळी मेहनत जाणार आहे. म्हणून माझं स्पष्ट मत, पैसे पायांवर खर्च करा. दुकानदार मशिनमध्ये किती शे आवाज आहेत ते सांगत बसेल, तिकडे फार लक्ष देऊ नका.

किकचे दोन प्रकार मिळतात. एकात नुसता पायाखाली दाबायचा स्विच असतो. दुसऱ्यात समोर उभा पॅड असतो आणि पेडलचा बीटर, म्हणजे त्याला जोडलेला छोटा हातोडा, त्यावर खरोखर आपटतो. दुसराच घ्या. बीटर आपटून परत येतो, तो परतावा पायाला कळावा लागतो, आणि पुढे चांगलं पेडल घेतलं तर तेच अकूस्टिकलाही लागतं. ॲलेसिस कंपनीचा नायट्रो मॅक्स हा सेट या जातीचा आहे. त्यात १० इंची जाळीचा स्नेअर (वादकाच्या पुढ्यातला मुख्य ड्रम) आहे आणि किकला टॉवर, म्हणजे तोच उभा पॅड, आहे. किंमत दोन-तीन ठिकाणी विचारा, बरीच खालीवर होते.

हाय-हॅट तपासायची रीत सांगतो. मुलाला बसवा, उजव्या हाताने एकसारखं वाजवत राहू दे आणि डावा पाय अगदी हळूहळू खाली दाबायला सांगा. आवाज मोकळ्या ‘त्श्श’पासून बंद ‘टिक’पर्यंत क्रमाने आवळत आला पाहिजे. मधलं काहीच न येता एकदम उघडा किंवा एकदम बंद असं होत असेल, तर तो सेट सोडून द्या. मग स्नेअरवर अगदी हलक्या टिचक्या मारून बघा, त्याही ऐकू यायला हव्यात. ताशावाल्या मुलांना जोरात वाजवायची सवय असते, हळू वाजवणं इथेच शिकायचंय. रबरी पॅड कडक लागतात आणि खटखटही जास्त करतात, निदान स्नेअर तरी जाळीचा हवाच.

४०,००० सगळे सेटवर घालू नका. स्टूल आणि हेडफोन बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात. स्टूल उंची बदलता येणारंच घ्या, जेवणाच्या टेबलाची खुर्ची चालणार नाही. हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे हवेत, ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो आणि मुलाची लय बिघडते. काठ्या ५ए मापाच्या घ्या. ताशाच्या काड्या वापरू देऊ नका, त्यांचं वजन आणि तोल निराळा असतो.

खालच्या मजल्याचंही बघा. जाळीवर पडणाऱ्या काठीचा आवाज खोलीतच राहतो, पण किकची धडधड स्लॅबमधून खाली उतरते. प्लायवूडच्या दोन फळ्या घ्या, खालच्या फळीला भोकं पाडून त्यांत टेनिसचे चेंडू बसवा, वर दुसरी फळी आणि जाड सतरंजी टाका, आणि त्यावर सेट मांडा. चेंडू पुरेसे घाला, म्हणजे फळी वाकत नाही. जुने चेंडूही चालतात. धडधड पूर्ण थांबत नाही, पण पुष्कळ कमी होते. तरी खालच्यांना आधी भेटून वाजवायची वेळ ठरवून घ्या.

क्लास लावताना अकूस्टिक सेट असलेलाच निवडा. खऱ्या झांजेवर काठीचं टोक लागलं की वेगळा आवाज, बुडखा लागला की वेगळा. हे बारकावे रबरी झांजेवर नीट येत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी त्याचा हात त्यावर पडायला हवा.