मूमिन कुटुंबाची चित्रपट्टी आजही का आवडते?

फिनलंडच्या लेखिका-चित्रकार तूवे यान्सन यांची मूमिन या पाणघोड्यासारख्या दिसणाऱ्या काल्पनिक प्राण्यांच्या कुटुंबावरची चित्रपट्टी १९५४ मध्ये लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये सुरू झाली आणि पुढे त्यांचे बंधू लार्स यांनी ती १९७५ पर्यंत चालवली. तिची गोडी टिकून आहे, कारण या घरात कोणी कोणाला सुधारायला जात नाही: आगंतुक पाहुण्यांनी घर व्यापले तरी घरातल्या मुलाला, मूमिनट्रोलला, ‘निघा’ म्हणवत नाही, बाबांना मधूनच साहसाची हुक्की येते आणि आई, हातातली पर्स न सोडता, सगळ्यांना सामावून घेते. रेखाटनातही खट्याळपणा आहे. दोन चौकटींमधली रेघ पुष्कळदा प्रसंगातल्याच एखाद्या वस्तूची असते. तूवे यांच्या हातच्या सुरुवातीच्या कथा मला अधिक सरस वाटतात.