भोसरीत नवीन जॉबवर्क शॉप, ओळखी कशा वाढवायच्या? माझं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. भाड्याच्या गाळ्यात कंपन्यांचे पार्ट करून द्यायला दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन) टाकल्यात, वर्ष होत आलं, रेफरल ग्रुपची फी भरलीत, मोशीच्या एक्स्पोत कार्डं वाटलीत, लिंक्डइनवर पण लिहिताय, तरी जवळजवळ सगळं काम एकाच कस्टमरचं आहे. आणि शेवटी लिहिलंय की अनोळखी माणसाशी गोड गोड बोलणं तुम्हाला जमत नाही, मग या धंद्यात निभावणार कसं, आणि ग्राइंडिंगसाठी खात्रीचा माणूस हवाय.

निभावणार. मी बरीच वर्षं याच पट्ट्यात मशीनिंग करतोय, आणि इथे ज्यांच्याकडे टिकून काम आहे त्यातले कितीतरी जण चार वाक्यांच्या वर बोलत नाहीत.

आधी परचेसवाल्याच्या, म्हणजे कंपनीत खरेदी बघणाऱ्याच्या, बाजूने बघा. नवीन व्हेंडरला ड्रॉईंग द्यायचं म्हणजे त्याच्यासाठी जोखीम असते. लॉट रिजेक्ट झाला, लाईन थांबली, की मीटिंगमध्ये उभं त्याला करतात, तुम्हाला नाही. मग तो काय करतो, तर तुमचं कोटेशन बाजूला ठेवून कुणालातरी फोन लावतो, 'याचं काम बघितलंयस का, माणूस कसा आहे?' तुमचं सगळं नेटवर्किंग त्या एका फोनवर ठरतं, आणि त्या वेळी तुम्ही तिथे नसता.

आता तो फोन कुणाला जातो ते बघा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. तो जातो हीट ट्रीटमेंटवाल्याला, प्लेटिंगवाल्याला, इन्सर्ट (कटिंग टूलची बदलायची टोकं) विकणाऱ्या डीलरला, सीएमएमवर (अचूक मोजमापाच्या मशीनवर) पार्ट मोजून देणाऱ्या लॅबला, नाहीतर आधीच्या कंपनीतल्या क्वालिटीच्या मित्राला. ही माणसं रोज कितीतरी शॉपचं काम हातात घेतात. कोण मटेरियल तेल पुसून पाठवतो, कोणाचं चलन बरोबर असतं, कोण थ्रेड मास्क करायचं (आट्यांवर प्लेटिंग चढू नये म्हणून झाकायचं) आधी सांगतो आणि कोण प्लेटिंग झाल्यावर मोजायचं गेज आत जात नाही म्हणून भांडायला येतो, हे त्यांना पाठ असतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली याच विषयावर एक निबंध लिहिला होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याने सांगितलं तो माणूस किती वेळा भेटायचा, तर वारंवार भेटणारे फक्त १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि उरलेले क्वचितच भेटणारे. कारण सरळ आहे, जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, पण अधूनमधून भेटणारा माणूस दुसऱ्याच वर्तुळात फिरत असतो. आपल्याकडे ते वर्तुळ म्हणजे प्लेटिंगवाल्याची माल आत घ्यायची (इनवर्ड) खिडकी.

म्हणून पहिलं सांगणं हे, की तुम्ही ज्यांना काम देता त्यांच्याशी संबंध नीट ठेवा. बहुतेक जण फक्त वर बघतात, कस्टमरकडे. तीन हजाराचं बिल असलेल्या ब्लॅकनिंगवाल्याला (पार्टला काळा थर देणाऱ्याला) दोन-दोन महिने फिरवतात. त्याला ठरल्या दिवशी पैसे द्या, महिन्यातून एकदा टेम्पोबरोबर स्वतः जा, त्याला आपल्या पार्टमध्ये काय अडचण येते ते विचारा. पार्ट टांगायला एखादं भोक हवं असेल, एखादी शार्प कड त्रास देत असेल तर ती तुमच्याकडे दोन मिनिटात सुटते. त्याचं काम सोपं झालं की तो लक्षात ठेवतो, आणि हे सगळं बोलणं कामाचंच असल्यामुळे तुमच्यासारख्या अबोल माणसाला जड जात नाही.

दुसरं, शेजारचे गाळे. तुम्ही त्यांना कॉम्पिटिशन म्हणालात. रेटमध्ये असतील, पण मशीनचं स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) गेलं, ऑपरेटर न सांगता गावाला गेला, शुक्रवारी डिस्पॅच आहे आणि मशीन बुधवारी रात्री बंद पडलं, तर कोण धावतं? आमच्या लेनमध्ये एकाचं असंच झालं होतं. आम्ही आमचं मशीन रात्रीसाठी रिकामं करून दिलं, फिक्स्चर (पार्ट पकडायचा साचा) त्याचं, इन्सर्ट त्याचे, ऑपरेटर त्याचा, आम्ही फक्त मशीनचे तास लावले. ड्रॉईंगवर कस्टमरचं नाव होतं, मी ते बघितलं पण त्या कस्टमरला आजपर्यंत कोटेशन दिलेलं नाही. पुढे त्याच्याकडे न बसणाऱ्या मोठ्या पार्टच्या इन्क्वायऱ्या आमच्याकडे यायला लागल्या, त्याने कधी कमिशन मागितलं नाही. दुसऱ्याच्या विश्वासाने आलेल्या ड्रॉईंगवरून त्याच्या कस्टमरकडे परस्पर जायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण ज्याने तो मोडला त्याच्या गाळ्यात अडचणीच्या वेळी कुणी येत नाही, हे मी बघितलंय आणि ते बघून वाईट वाटतं कारण त्यातले काही कारागीर म्हणून फार चांगले होते.

न होणाऱ्या कामाचंही तसंच. पाच मायक्रोन टॉलरन्सचं बोअर (भोक) तुमच्या मशीनवर निघणार नसेल तर त्याच दिवशी नाही म्हणा, आणि ज्याच्याकडे निघेल त्याचं नाव सांगा. आठवडाभर इन्क्वायरी दाबून ठेवून मग वाटेल तो रेट टाकणारे खूप आहेत, सोर्सिंगवाल्याला (कंपनीसाठी व्हेंडर शोधणाऱ्याला) त्यांचा वैताग येतो. उशीर होणार असेल तर त्याने विचारायच्या आधी फोन करा. अवघड आहे, पोटात गोळा येतो, तरी करा, कारण त्याच्याकडे प्लॅन बदलायला दोन दिवस मिळतात आणि ते दोन दिवस तो विसरत नाही.

ग्रुपबद्दल विचारलंत. बीएनआय हा रेफरल ग्रुप वाईट नाही, पण त्याची रचना समजून घ्या. एका चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच माणूस, दर आठवड्याला मीटिंग, एकमेकांना रेफरल द्यायचे. सीए, इंटिरियरवाला, प्रिंटर, इन्शुरन्सवाला यांना ते छान लागू पडतं कारण त्यांचं गिऱ्हाईक कुणीही असू शकतं. मशीन केलेले पार्ट विकत घेणारा माणूस त्या टेबलावर असेलच असं नाही. तुमच्या चॅप्टरमध्ये कंपन्यांत आत-बाहेर असणारे कोणी आहेत का, ऑटोमेशनवाला, पॅकेजिंगवाला, कॅलिब्रेशनवाला, ते मोजा आणि मगच रिन्यू करा. सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांचाच आहे, इंग्रजीत उभं राहून बोलायचा संकोच असेल तर तिथे मोकळं वाटतं. मराठा चेंबर ही उद्योजक-व्यापाऱ्यांची संस्था पुण्यात १९३४ पासून आहे, तिथे नुसतं मेंबर होऊन सर्टिफिकेट भिंतीला लावू नका, त्यांच्या ट्रेनिंगला जाऊन बसा, कारण शेजारच्या खुर्चीत एखाद्या कंपनीचा क्वालिटी किंवा परचेसचा माणूस असू शकतो आणि तुम्ही दोघं एकच प्रॉब्लेम सोडवत असता, ओळख आपोआप होते.

एक्स्पोचं थोडक्यात. कार्डं वाटण्यापेक्षा एखादा अडलेला प्रश्न घेऊन जा, चार स्टॉलवर तोच विचारा. ज्याच्याशी बोललात त्याच्या कार्डामागे काय बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी लिहा. आठवड्यात फोन करा, पण काम मागायला नाही, त्याने विचारलेली माहिती द्यायला. आणि जमलं तर बंगळुरूला इमटेक्स या मशीन टूलच्या प्रदर्शनाला जा, इथे ज्यांची दहा मिनिटं मिळत नाहीत ती भोसरी-चाकणची माणसं तिथे निवांत भेटतात.

दिवाळीला परचेसवाल्याच्या घरी ड्रायफ्रूटचे बॉक्स पाठवायचा सल्ला तुम्हाला कुणी दिलाय, तो ऐकू नका. बऱ्याच कंपन्यांत गिफ्ट घ्यायला मनाई असते आणि सरळ माणसाची पंचाईत होते. त्यापेक्षा दसऱ्याला मशीनची पूजा झाली की लोकांना गाळ्यात बोलवा. शेजारी, प्लेटिंगवाला, टेम्पोवाला, कंपनीतला क्वालिटीचा पोरगा, सगळ्यांना. लोक मशीन बघतात, शॉप किती स्वच्छ आहे बघतात, गेज कसे ठेवलेत बघतात, तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. माणसं जागा बदलतात. आज इन्स्पेक्शनला असलेला ज्युनिअर उद्या रांजणगावला जातो, परवा तळेगावला सोर्सिंगचा हेड होतो. पण हे मनात ठेवून त्याच्याशी गोड बोलायचं नाही, ते लगेच कळतं. ज्याची नोकरी गेली, जो रिटायर झाला, ज्याच्या हातात आता पीओ (परचेस ऑर्डर) द्यायची ताकद नाही, त्याचा फोन एकदम वाजायचा थांबतो. त्या काळात त्याला फोन करा. गाळ्यात बोलवा, चहा पाजा, एखाद्या फिक्स्चरबद्दल त्याचं मत विचारा, कारण त्याला खरंच खूप माहिती असते. रिटायर झालेल्या टूलरूमवाल्यांकडून मी जे शिकलो ते कुठल्याही कोर्समध्ये मिळालं नसतं, आणि ती माणसं आजही घरच्यासारखी आहेत.

आणि संबंध चांगले म्हणून पैसे मागायचे नाहीत असं करू नका. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काढा, नंबर बिलावर छापा. एमएसएमई कायदा २००६ चा आहे, मायक्रो आणि स्मॉल युनिटचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असं त्यात आहे, आणि आयकराच्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) २०२३-२४ पासून ते मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा मिळत नाही, म्हणून अकाउंट्सवाले आता ऐकतात. शांतपणे, तारीख सांगून, चांगल्या शब्दात मागा. अकाउंट्समध्ये बिल इनवर्ड करणाऱ्या माणसाचं नाव माहीत करून घ्या, तो पण तुमच्या ओळखीतलाच असायला हवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ग्राइंडिंगसाठी खात्रीचा माणूस. मटेरियल, हार्डनेस, टॉलरन्स आणि महिन्याची क्वांटिटी इथे लिहा, ड्रॉईंग टाकणार असाल तर कस्टमरचं नाव झाकून टाका. सेक्टर ७ मध्ये दोघं आहेत, त्यांना आधी विचारतो आणि हो म्हणाले की नंबर पाठवतो. गुरुवारी सगळं बंद असतं, तेव्हा शुक्रवारपर्यंत थांबा.