गरम झाल्यावर चालू न होणारी आरएक्स-८: आधी कॉम्प्रेशन मोजा, मग खर्च करा

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी. २००४ची मॅझ्दा आरएक्स-८, सहा गिअरची मॅन्युअल. सकाळी बीडहून निघताना पहिल्या सेल्फला चालू होते. पाचोडला चहाला थांबलात की नंतर नुसती फिरत राहते, पेट घेत नाही. अर्धा-पाऊण तास बोनेट उघडं ठेवलं की पुन्हा ठणठणीत. प्लग, कॉइल, बॅटरी बदलून झालं आणि आता मिस्त्री पेट्रोल पंप बदलायचा म्हणतायत.

पंपाला हात लावू नका. गार असताना झटक्यात चालू आणि गरम असताना नाही, हे या गाडीसारख्या रोटरी इंजिनात (पिस्टनऐवजी फिरते रोटर असलेल्या) दिसलं की माझा पहिला संशय कॉम्प्रेशनवर, म्हणजे आतली हवा दाबून धरण्याच्या ताकदीवर जातो. आखातातल्या उन्हात मी या गाड्यांवर काम केलंय आणि आपल्याकडचा मे महिना त्याहून फार वेगळा नाही.

कारण इंजिनाच्या रचनेत आहे. यात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. दोन तिकोनी रोटर, आणि त्यांच्या टोकांवरच्या, कोपऱ्यांवरच्या व बाजूंच्या सीलवर सगळी हवा अडवायची जबाबदारी. सील झिजले तरी गार इंजिनात दाट ऑइलचा थर फटी झाकतो. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, फटी उघड्या पडतात. त्यात थांबलेल्या इंजिनाची सगळी धग स्टार्टरमध्ये शिरते आणि तोही मंद फिरतो. कमी कॉम्प्रेशन आणि मंद सेल्फ एकत्र आले की पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही असूनही गाडी उठत नाही.

आता खर्चाशिवाय होणारी पहिली चाचणी. पुढच्या वेळी गरम असताना चालू झाली नाही की सेल्फ मारत बसू नका, कारण चार-पाच वेळा मारला की इंजिन पेट्रोलने ओव्हर होतं आणि मग कुठलाच निष्कर्ष खरा राहत नाही. ओव्हर झालीच असेल तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा, तेव्हा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो. मग दोघांना धक्का मारायला सांगा आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा. धक्क्याने लगेच चालू झाली तर पंप, कॉइल, सेन्सर सगळे सुटले. दोष सेल्फच्या वेगात किंवा कॉम्प्रेशनमध्ये आहे. धक्क्यानेही नाही झाली तर मात्र इंजिनाच्या मुख्य शाफ्टची फेरी मोजणाऱ्या सेन्सरकडे बघा: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल तर तापल्यावर तो सेन्सर मरतोय असं समजा. काटा हलतोय, तर मागून पंपाचा आवाज येतो का ते ऐका. एवढं झाल्यावरच पंपाचा विषय.

धक्का सतत मारत राहू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो. तो आधीच चोक झालेला असू शकतो, तेही तपासून घ्या. वरच्या आरपीएमला गाडी गुदमरत असेल तर ते त्याचं लक्षण आहे.

माझ्या अंदाजाने तुमची गाडी धक्क्याने चालू होईल. मग कॉम्प्रेशन मोजायचं, आणि ते गरम इंजिनावरच. गार इंजिनावर आलेला चांगला आकडा तुम्हाला फसवेल. रोटरीचं खास गेज इथे मिळणं अवघड, पण साध्या गेजवर काम भागतं. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर काढा, बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा. ज्या रोटरचं मोजायचं त्याचा एक प्लग काढून तिथे गेज लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि सेल्फ मारा. साधं गेज तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतं, म्हणून एवढ्यावर समाधान मानू नका. गेजच्या तोंडातला वाल्व्ह काढून पुन्हा दहा सेकंद फिरवा, काट्याच्या उड्या मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घ्या. उड्या सारख्या असतील तर ठीक. दर तिसरी उडी अशक्त असेल तर त्या बाजूचं साइड किंवा कॉर्नर सील गेलंय. लागोपाठ दोन अशक्त आणि एक चांगली असेल तर त्या दोघींच्या मधलं टोकाचं सील.

याच व्हिडिओतून सेल्फचा वेगही निघतो. एका रोटरचा शाफ्टच्या एका फेरीला एकच फुंकार, म्हणजे काट्याची एकच उडी असते. दहा सेकंदांतले फुंकार मोजा, सहाने गुणा, आरपीएम आला. बेचाळीसच्या आसपास आले म्हणजे २५० आरपीएम, आणि कंपनीचे आकडे याच वेगाचे आहेत: नवं इंजिन ८.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, किमान मर्यादा ६.९, म्हणजे साधारण ९८ पीएसआय. एका रोटरच्या तीन बाजूंत १.५पेक्षा जास्त फरक नको. आपण समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या वर आहोत, त्यामुळे गेज जरा कमीच दाखवेल, तेवढं धरून चाला.

फुंकार तीस-पस्तीसच आले आणि उड्या सारख्या असल्या तर नशीब चांगलं आहे. सुरुवातीच्या गाड्यांचा स्टार्टर कमजोर होता, पुढे जास्त ताकदीचा आला. तो बसवा, आणि त्याआधी बॅटरीच्या जाड केबल व बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर साफ करून घ्या. वेग बरोबर असून आकडा सहाच्या खाली असेल तर इंजिन उघडावंच लागेल.

इथे मला कळकळीने दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कुणी दाट ऑइल टाकून "बघा, चालू झाली" म्हणेल. ती होईलही, पण झीज तशीच राहील आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी महामार्गावर उभी राहील. दुसरं, "हाउसिंग बोअर करून देतो" म्हणणाऱ्याकडे इंजिन सोडू नका. आपल्याकडचे बोअरिंगवाले पिस्टनच्या कामात तरबेज आहेत, पण रोटरीच्या हाउसिंगच्या आत क्रोमचा पातळ थर असतो. तो घासला की हाउसिंग भंगारात. सील नवे टाकताना हाउसिंगवर ओरखडे किंवा क्रोम सुटलेलं असेल तर हाउसिंगच बदलायचं. रोटरी आधी उघडलेला माणूस पुण्या-मुंबईत शोधा, गाडी ट्रकवर घालून पाठवावी लागली तरी चालेल.

तोवर ऑइलची पातळी दर पेट्रोल भरताना बघा. हे इंजिन सीलना ओलावा मिळावा म्हणून ऑइल मुद्दाम जाळतं, ते संपलं तर उरलेले सीलही जातील. आणि चहाला थांबाल तिथे गाडी उतारावर, नाक खाली करून लावा, म्हणजे उतारावरून ढकलून चालू करता येईल.