एरोबॅटिक (हवाई कसरतींच्या) उड्डाणाच्या कौशल्याबद्दल जे बिल्ले मिळतात, त्यांना खरंच काही किंमत असते का?

तुम्ही विचारलंय खऱ्या विमानांबद्दल. मी उडवलं ते तारांवरचं मॉडेल. पण गुण देणाऱ्यांची जात एकच, म्हणून लिहितो. पंच कुठं बसला होता ते आधी विचारा, मग बिल्ल्याची किंमत ठरवा.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. तालुक्याच्या कॉलेजच्या मैदानावर कंट्रोल लाइनची स्पर्धा, म्हणजे मधे उभं राहून हातातल्या हँडलच्या तारांवर विमान स्वतःभोवती फिरवायचं. मार्चचं ऊन. बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान, अडीच सीसीचं इंजिन; एरंडेल तेलाचा वास हातावरून आठ दिवस जात नसे. वारा मावळतीकडून होता, म्हणजे लूप (हवेतली उभी वर्तुळं) उगवतीलाच मारायचे. उलट बाजूला मारले तर तारा ढिल्या पडतात आणि विमान अंगावर येतं. ते पाहायला पंचानं माझ्या पाठीमागे, मावळतीला उभं राहायला पाहिजे. साहेब खुर्ची घेऊन उत्तरेच्या निंबाखाली! तिथून गोल लूप अंड्यासारखाच दिसणार ना बाप्पा. कागदावर लिहिलं, 'लूप उभट'. पुढं दोन फेऱ्या उलटं उड्डाण, जमिनीपासून दीड मीटरवर, जिथं हँडल वर ओढलं की नाक खाली जातं. ते त्यांनी पाहिलंच नाही, तेव्हा मठ्ठा आला होता.

पहिला आला माझा मावसभाऊ. त्याच्या पाळीला वारा फिरून उत्तरेचा झाला, आणि निंबाखालची तीच खुर्ची आपोआप बरोबर जागी आली. गावात मी आजही 'अंडं'.

तुमचं म्हणाल तर अमेरिकेतल्या इंटरनॅशनल एरोबॅटिक क्लबचे बिल्ले मला पटतात. प्रायमरी ते अनलिमिटेड, पाच पायऱ्या. त्यातल्या 'स्टार्स' बिल्ल्यासाठी स्पर्धेत प्रत्येक आकृतीला, म्हणजे कसरतीला, किमान पाच गुण लागतात, सरासरीवर भागत नाही. सुरुवात दहापासून, रेष पाच अंशांनी चुकली की एक गुण गेला. कोणाला हरवायची गरज नाही, आणि पंचही एकटा नसतो. नोकरीसाठी विचारत असाल तर प्रवासी विमानात लूप कोण मारू देणार?

हां, माझा दुसरा लूप जरा खाली आला होता, खोटं कायले बोलू. पहिला आणि तिसरा गोलच होते.

मावसभावानं ते प्रमाणपत्र कृषी केंद्रात खताच्या भावफलकाशेजारी टांगलंय. भाऊ, तू हे वाचशीलच. वारा किती वाजता फिरला ते खाली लिहून टाक.