डोमेनमधल्या लॅपटॉपचं नाव बदलायचंय, आधी डोमेनमधून काढावं लागतं का?

नाही, डोमेनमधून (म्हणजे कंपनीचे कॉम्प्युटर आणि युजर एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या विंडोजच्या नेटवर्कमधून) अजिबात काढू नका. तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतले सगळे लॅपटॉप डेस्कटॉप-अमुकतमुक अशा नावाने जोडलेत आणि आता साहेबांना नीट नावं हवीत. मी सातपूर-अंबडकडच्या कंपन्यांचं आयटी बघतो, हे काम नेहमीचं आहे.

जोडलेल्या अवस्थेतच नाव बदललं की ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं (डोमेनच्या यादीतलं) ऑब्जेक्ट, म्हणजे त्या लॅपटॉपची नोंद, तेच राहतं, त्याचा एसआयडी (ओळख क्रमांक) तोच, ग्रुप तेच, आणि बिटलॉकरची (डिस्क लॉक करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की तिथे ठेवत असाल तर तीही त्याच ऑब्जेक्टखाली राहते. काढून नव्या नावाने जोडलं तर नवीन ऑब्जेक्ट तयार होतं, जुनं डिसेबल होऊन पडून राहतं आणि मग कोणीतरी साफसफाई म्हणून ते उडवतं. इथल्याच एका कंपनीत असं झालेलं मी बघितलंय, पुढे बायोस अपडेटनंतर लॅपटॉपने रिकव्हरी की मागितली आणि ती जुन्या ऑब्जेक्टबरोबर गेलेली, डेटा गेला तो गेलाच. म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आधी नवीन नाव डिरेक्टरीत शोधून बघा, त्याच नावाचं जुनं ऑब्जेक्ट असेल तर एरर येईल. नाव १५ अक्षरांच्या आत, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच. माणसाचं नाव देऊ नका प्लीज, लॅपटॉप हात बदलतात, ॲसेट नंबर द्या. लोकल ॲडमिनचा पासवर्ड चालतोय ना ते लॉगिन करून बघा, कारण कधी डोमेनशी ट्रस्ट (लॅपटॉप आणि डोमेन एकमेकांना ओळखतात तो दुवा) तुटलाच तर आत शिरायला तोच उपयोगी पडतो.

मग लॅपटॉप ऑफिसच्या लॅनवर घ्या, घरून काम करणाऱ्याचा असेल तर व्हीपीएन लावा, डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) लॅपटॉपला दिसलाच पाहिजे. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून रिनेम-कॉम्प्युटर कमांड द्यायची, न्यूनेममधे नवीन नाव, डोमेनक्रेडेन्शियलमधे ज्याला त्या ऑब्जेक्टवर राइट्स आहेत ते अकाउंट, आणि लगेच रीस्टार्ट. डोमेन सापडत नाही म्हणाला तर तिथेच थांबा, रजिस्ट्रीत जाऊन जबरदस्तीने बदलू नका, अशाने ट्रस्ट तुटतो. चालू झाल्यावर टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही ट्रस्ट तपासणारी कमांड चालवा, ट्रू आलं की झालं.

सगळे एकदम करू नका, आधी आयटीचाच एखादा करून दोन दिवस वापरा. वायफाय मशीन सर्टिफिकेटवर (पासवर्डऐवजी लॅपटॉपच्या डिजिटल ओळखपत्रावर) चालत असेल तर सर्टिफिकेटमधे जुनंच नाव असतं, ते नवीन मिळतंय का तेव्हाच कळेल.

आणि अकाउंट्सवाल्यांना आधी विचारा. टॅलीचा डेटा किंवा प्रिंटर एखाद्या लॅपटॉपवरून शेअर असेल तर बाकीच्यांच्या पाथमधे जुनं नाव असतं, ते सगळीकडे बदलावं लागतं, त्यामुळे जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास त्यांच्या मशीनना हात लावू नका.