आयर्लंडमध्ये सेंट पॅट्रिक डे सोडून वर्षभरात कोणते पारंपरिक सण आणि चालीरीती आहेत?

आहेत भरपूर, पण त्या सणाच्या आदल्या संध्याकाळी शोधाव्या लागतात. जुन्या आयरिश हिशेबात दिवस मावळतीला सुरू व्हायचा, म्हणून बहुतेक रीती आदल्या रात्रीच्या. सेंट पॅट्रिक डेची, १७ मार्चची मिरवणूक रंगीत असते खरी, पण इथे राहायला आल्यापासून मी तरी तिला फारसं मोजत नाही.

माझा आवडता सण सेंट ब्रिजिडचा, १ फेब्रुवारीचा. ३१ जानेवारीला पाणथळ जागेतले लव्हाळे आणतात. कापायचे नाहीत, उपटायचे. एक देठ उभा धरायचा, दुसरा मधोमध दुमडून त्यावर अडकवायचा, पाव वळसा फिरवायचं, की पुढचा. मधला चौकोन चिमटीत घट्ट धरला नाही तर सगळं सुटून हातात येतं. शेवटी चारी टोकं बांधली की क्रूस तयार. घराला आग लागू नये म्हणून तो दारावर किंवा आढ्याला खोचतात. (छपरं गवताची होती, भीती खोटी नव्हती.) त्याच रात्री एक फडकं बाहेर ठेवतात. ब्रिजिड त्याला हात लावून जाते, मग ते वर्षभर डोकेदुखीला बांधायचं. सरकारी सुट्टी मात्र २०२३ पासूनची.

३० एप्रिलला उंबऱ्यावर पिवळी फुलं, दुधालोण्याला कुणाची नजर लागू नये म्हणून. १ मेला विस्तव आणि मीठ शेजाऱ्यालाही द्यायचं नाही! २३ जूनला, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री, पश्चिमेकडे शेकोट्या. हॅलोवीन तर मूळचा इथलाच, भोपळ्याआधी सलगम कोरायचे. बार्मब्रॅक नावाच्या मनुकांच्या पावात अंगठी असते. मिळेल त्याचं वर्षात लग्न. ती आजही दुकानातल्या पावात निघते. १० नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी, कोंबडं कापून रक्त उंबऱ्यावर शिंपडायचे, दुसऱ्या दिवशी चरखा बंद.

२६ डिसेंबरचा ‘रेन डे’ बघायचा तर केरी परगण्यातल्या डिंगल गावाला जा. शिमग्यात सोंगं पोस्त मागत फिरतात तशी इथे गवताचे पोशाख आणि मुखवटे घातलेली टोळकी ढोल-बासऱ्या वाजवत फिरतात. पूर्वी रेन हा इवलासा पक्षी मारून काठीला बांधत, आता खोटा असतो. ६ जानेवारीला कॉर्क-केरीकडे बायकांचा ख्रिसमस: घरकाम पुरुषांकडे, बायका बाहेर. (माझ्या बायकोने हा सण तत्परतेने स्वीकारलाय.)

अजून वाचायचं असेल तर १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेल्या वह्या ‘दूखस’ (duchas.ie) या संकेतस्थळावर फुकट आहेत. गावाचं नाव टाकून शोधता येतं.