गोधडी विकायचीये ना, मग आधी तास मोजा

ताई नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही बार्शीला, लेक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आजीकडून गोधडी शिकली आणि इन्स्टावर फोटो टाकून आत्तापर्यंत 11 बाळगोधड्या विकल्या, प्रत्येकी 700 रुपयांना. आता म्हणतेय कॉलेज सोडते, एफडी मोडून 2 लाख द्या, मशीन घेते, गाळा घेते. आणि तुम्ही विचारताय की हो म्हणू का नाही म्हणू.

धंद्याला हो म्हणा. कॉलेज सोडायला नाही, आणि एफडीला आत्ता हात लावू नका.

हो का म्हणतोय ते आधी सांगतो. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. धावदोऱ्याच्या ओळी करंगळीएवढ्या अंतराने गेल्यात, आणि खालच्या कोपऱ्यात एक ओळ जरा वाकलीय तर तिने ती उसवली नाहीये, पुढच्या दोन ओळी हळूहळू वळवून तो वाक जिरवून टाकलाय. हे शिकवून येत नाही, आजीच्या मांडीशी बसून येतं. पोरीचा हात खरंच चांगला आहे, हे तिला माझ्याकडून नक्की सांगा.

आता हिशोब. तुम्ही लिहिलंय की एका गोधडीला सहा दिवस लागतात, रोज तीन-साडेतीन तास, म्हणजे धरा 20 तास. अस्तर, दोरा, पॅकिंग मिळून 220 रुपये, कुरिअर 80 ते पण तीच भरते. 700 मधून 300 गेले, राहिले 400. म्हणजे तासाला 20 रुपये! एवढ्यात आज कोणी खुरपायला सुद्धा येत नाही ताई. ती कमवतेय असं तुम्हाला वाटतंय पण खरं म्हणजे ती स्वतःची मेहनत फुकट वाटतेय, आणि बहुतेक घरगुती धंदे इथेच बसतात, माल खपत नाही म्हणून नाही, खपतो पण हातात काही उरत नाही म्हणून.

तासाला निदान 60 धरा, म्हणजे मजुरी 1200, वर ते 300, झाले 1500, थोडं वरखर्चाला धरून 1800 सांगायचे. महाग वाटेल, नातेवाईक तर नक्की कुरकुर करतील, करू देत. शेजारीच सोलापूर, तिथली चादर यंत्रमागावर निघते आणि कितीतरी स्वस्तात मिळते, तिच्याशी किमतीत भांडायला जाऊच नका.

पण अजून एक गंमत बघा, कॉलेज सोडून रोज 8 तास, महिन्याला 25 दिवस बसली तरी 200 तास होतात, म्हणजे 10 गोधड्या, 18,000 रुपये, खर्च जाऊन 15,000, ते पण सगळ्या विकल्या गेल्या तर. आणि मान-पाठ मोडेल ती वेगळीच. हात दोनच असतात त्यामुळे नुसतं कॉलेज सोडून हा धंदा मोठा होत नाही. तो मोठा होतो तुमच्या गल्लीतल्या टाके येणाऱ्या दोन-तीन बायकांना नगावर काम देऊन, आणि लेकीने डिझाइन, रंगजुळणी, तपासणी नि ऑर्डर बघून. त्यालाच कॉस्टिंग लागतं, हिशोब लागतो, जे ती सध्या कॉलेजात शिकतेच आहे! शिवाय पदवी हातात असली तर उद्या जयपूरच्या भारतीय शिल्प संस्थेसारख्या ठिकाणी पुढचं शिकायचा रस्ता पण उघडा राहतो.

तिने एक गोष्ट आत्ताच सुरू करावी असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे गिऱ्हाइकाच्याच जुन्या साड्यांची गोधडी. आईच्या, आजीच्या, गेलेल्या माणसाच्या साड्या घरोघरी कपाटात पडून असतात, टाकवत नाहीत आणि नेसवत पण नाहीत. त्यांची गोधडी करून द्यायची. हे कुठल्याच कारखान्याला जमणार नाही आणि इथे कोणी घासाघीस करत नाही. फक्त साडी आली की आधी उजेडात धरून फोटो काढायचा, जुनं रेशीम घडीवर विरलेलं असतं, ते गिऱ्हाइकाला दाखवूनच कात्री लावायची. निम्मे पैसे आधी घ्यायचे. माझ्या मावसबहिणीने हे केलं नव्हतं आणि एका बाईची लग्नातली साडी कापताना फाटली, पैसे तर गेलेच पण ती बाई रडली ते बहिणीच्या अजून डोक्यात आहे.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते, फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटी महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. परराज्यात पाठवायचं तर सरकारी यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना 20 लाखांपर्यंत 2017 पासून जीएसटी नोंदणीतून सूट आहे, पॅन आणि ई-वे बिल (माल पाठवताना ऑनलाइन काढायचं बिल) मात्र लागतं, आणि गोधडी त्या यादीत कशी बसते ते एकदा सीएला विचारून घ्या. वस्त्रोद्योग मंत्रालयाचं कारागीर ओळखपत्र मिळतं, पहचान कार्ड म्हणतात, त्यासाठी अर्ज करा. तुम्ही स्वतः बचत गटात आहात असं लिहिलंय, मग उमेदच्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाच्या, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन महालक्ष्मी सरसची चौकशी कराच, मुंबईत बचत गटांचं एवढं मोठं प्रदर्शन भरतं. पुण्याच्या भीमथडी जत्रेत मात्र आधी नुसती फिरायला घेऊन जा, कोण काय कितीला विकतंय ते तिला बघू दे.

पैसे लागतील 10-12 हजार, तेवढे द्या. गाळा नको. मशीन तर अजिबात नको, हातशिलाई म्हणून विकायचं आणि मशीन मारायची हे बरं नाही.

आणि बाळगोधडी आहे म्हणून सांगतो, टिकली, मणी, बटण काही लावू नका, आणि प्रत्येक कापड शिवायच्या आधी मिठाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, लाल आणि काळा तर हमखास रंग सोडतो.

तिला म्हणावं पुढच्या तीन गोधड्यांचे तास वहीत रोजच्या रोज लिही, अंदाजाने नको, घड्याळ लावून. मग त्या पानाचा फोटो मला पाठवा, किंमत आपण तिघं बसून ठरवू.